अंधारात वेळ सांगणारं घड्याळ : इंग्लिश रिपीटर आणि ते घडवणारे हात

घटिका

लंडनमध्ये १६८७ साली खिशातल्या घड्याळावरून एक भांडण थेट राजापुढे गेलं. एडवर्ड बार्लो नावाच्या कॅथलिक धर्मगुरूला पेटंट हवं होतं. घड्याळ असं, की दाबलं की त्या क्षणी किती वाजलेत ते टोले देऊन सांगेल. त्याच्यासाठी ते घडवलं होतं थॉमस टॉम्पियननं, म्हणजे तेव्हाच्या इंग्लंडमधल्या सर्वांत नावाजलेल्या घड्याळजीनं. डॅनिअल क्वेअर या दुसऱ्या घड्याळजीनं हरकत घेतली, की ही कल्पना मला आधीच सुचली होती. घड्याळजींची संघटना, क्लॉकमेकर्स कंपनी, क्वेअरच्या पाठीशी उभी राहिली. दुसऱ्या जेम्स राजानं दोन्ही घड्याळं चालवून बघितली. बार्लोच्या घड्याळाला दोन बाजूंना दोन खुंट्या होत्या. एक दाबली की तास, दुसरी दाबली की पाव तास. क्वेअरच्या घड्याळाला वर कडीजवळ एकच खुंटी, एकदा दाबली की तास आणि पाव तास दोन्ही ओळीनं. राजानं क्वेअरचं पसंत केलं. राजा कॅथलिक, बार्लो कॅथलिक, क्वेअर क्वेकर या प्रोटेस्टंट पंथाचा. तरी निकाल घड्याळाकडे बघून लागला, हे मला फार आवडतं.

या जातीच्या घड्याळाला रिपीटर म्हणतात. त्याच्या मागच्या प्लेटवर एक नाव कोरलेलं असतं आणि लिलावात किंमत त्या नावाला मिळते. ज्यांच्या बोटांखालून ते तयार झालं ते लोक मात्र बहुतेक निनावी राहिले. हा धागा मुख्यतः त्यांच्यासाठी काढतोय.

आधी, हे घड्याळ लागायचं कशाला? घासून पेटणारी काडी इंग्लंडमध्ये विकायला आली १८२७ साली. त्याआधी रात्री जाग आली आणि वेळ बघायची असली तर चकमक झाडून ठिणगी पाडा, ती फुंका, मेणबत्ती लावा, मग घड्याळ बघा. रिपीटर उशाखाली असलं की हे काही नको. समजा ७ वाजून ४० मिनिटं झालीत. दाबल्यावर आधी सात सुटे टोले, मग पाव तासांचे दोन जोडटोले (टिंग-टँग, टिंग-टँग). घड्याळ अर्ध्या पावापर्यंत सांगणारं असेल, तर शेवटी आणखी एक सुटा टोला. म्हणजे साडेसात होऊन साडेसात मिनिटं उलटली आहेत, पावणेआठ व्हायचेत. अंध माणसांना तर हे घड्याळ दिवसाही तितकंच उपयोगी.

आता आतली गंमत. खुंटी दाबताना दोन कामं एकदम होतात. एक, साखळीनं ओढून आतली एक छोटी स्प्रिंग ताणली जाते. दुसरं, एक दांडा खाली सरकतो आणि पायऱ्यापायऱ्यांच्या एका चकतीवर टेकतो. या चकतीला स्नेल म्हणतात. तासांच्या स्नेलला बारा पायऱ्या असतात. एक वाजला असेल तर सर्वांत उंच पायरी समोर असते, दांडा लगेच अडतो, हातोडीला ढकलणारा एकच दात मोजला जातो. बारा वाजता पायरी सर्वांत खोल, दांडा पार खाली जातो, बारा दात. खुंटी सोडली की ताणलेली स्प्रिंग उलगडत जाते आणि ते दात एकेक करून हातोडी उचलून सोडतात. पाव तासांसाठी चार पायऱ्यांची वेगळी स्नेल. म्हणजे टोल्यांसाठी लागणारी ताकद चालत्या घड्याळातून घेतली जात नाही, ती तुमच्या अंगठ्याची असते. म्हणून टोले कितीही वेळा ऐका, घड्याळाच्या चालीला धक्का लागत नाही.

सर्वांत अवघड जागा आहे तास बदलण्याची. आठ वाजता तासांची स्नेल एका पायरीनं पुढे उडी मारते आणि त्याच क्षणी पाव तासांची स्नेल तीनवरून शून्यावर यायला हवी. तासानं उडी मारली आणि पाव मागे राहिला, तर घड्याळ आठला 'पावणेनऊ' सांगेल. यासाठी पाव तासांच्या स्नेलखाली एक पातळ पत्रा बसवलेला असतो, सरप्राइज पीस. तासाच्या उडीबरोबर तो झटकन पुढे सरतो आणि दांड्याला शून्यावर अडवतो. नखाएवढा पोलादी तुकडा, पण तो नीट बसला नसेल तर तासाच्या तोंडावर घड्याळ खोटं बोलणार.

दुसरी अडचण माणसाच्या अंगठ्याची. सुरुवातीच्या रिपीटरांत खुंटी अर्धवट दाबली तर अर्धवट मोजणी व्हायची. अकरा वाजलेले असताना पाच टोले. पुढे यावर 'ऑल ऑर नथिंग' नावाची कळ निघाली. दांडा स्नेलवर पक्का टेकल्याशिवाय हातोड्या मोकळ्याच होत नाहीत. सांगेल तर पूर्ण, नाही तर गप्प. अठराव्या शतकातल्या चांगल्या इंग्लिश रिपीटरांत हे सगळं ज्या मांडणीत दिसतं ती मॅथ्यू स्टॉगडेनची. अर्ध्या पावाची कळही त्यातच गुंफलेली. हा माणूस जॉर्ज ग्रॅहमसाठी काम करायचा. ग्रॅहम वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये आपल्या गुरूच्या, टॉम्पियनच्याच थडग्यात पुरला गेला. स्टॉगडेन १७७० च्या सुमारास म्हातारपणी हलाखीत वारला. त्याची मांडणी मात्र पुढे कित्येक दशकं वापरात राहिली.

---

सांजवेळ

काय सुंदर लिहिलंयत! वाचनखूण साठवली. एक शंका : आपोआप दर तासाला टोले देणारी खिशातली घड्याळंही होती ना? ती आणि ही एकच का?

---

घटिका

नाही सांजवेळताई, ती वेगळी. त्यांना क्लॉक-वॉच म्हणतात आणि ती रिपीटरपेक्षा जुनी आहेत. सोळाव्या शतकात जर्मनीत होती, सतराव्या शतकात लंडनच्या एडवर्ड ईस्टसारख्या लोकांनीही केली. त्यांना दोन मुख्य स्प्रिंगा लागतात, एक चालायला आणि एक टोल्यांना. दोन्हींना किल्ली द्यायची.

जुन्या क्लॉक-वॉचमध्ये मोजणी होते ती कडेला खाचा असलेल्या एका चक्रावर. ते चक्र फक्त क्रम पाळतं : एकनंतर दोन, दोननंतर तीन. काटे कुठे आहेत त्याला पत्ता नसतो. एकदा टोल्यांची स्प्रिंग उतरली किंवा कोणी काटे फिरवले, की काटे सांगणार चार आणि टोले पडणार सात. बार्लोनं १६७६ च्या सुमारास मोठ्या घड्याळांसाठी जी रॅक (दातेरी पट्टी) आणि स्नेलची रचना शोधली, ती इथेच वेगळी पडते. स्नेल काट्यांबरोबर फिरते, त्यामुळे कधीही विचारा, उत्तर काट्यांशी जुळतं. हे झालं म्हणून 'विचारल्यावर सांगणारं' घड्याळ शक्य झालं. राजापुढे बार्लो हरला खरा, पण क्वेअरच्या कल्पनेमागचा पाया त्याचाच होता असं मला वाटतं.

दोन्ही गुण एकत्र आणण्याचा कळस म्हणजे थॉमस मज. लीव्हर एस्केपमेंट (स्प्रिंगची ताकद ठेक्याठेक्यानं सोडणारी कळ) शोधणारा तोच. स्पेनच्या सहाव्या फर्डिनांडसाठी त्यानं काठीच्या मुठीत बसवलेलं घड्याळ केलं. ते आपोआप तास आणि पाव वाजवायचं आणि दाबल्यावर मिनिटंही सांगायचं. मिनिटं सांगणाऱ्या घड्याळाची कसोटी १२ वाजून ५९ मिनिटांना : बारा टोले, तीन जोडटोले, मग चौदा टोले. शेवटचा टोला पडेपर्यंत कधीकधी एक वाजलेला असतो.

---

पोलादपितळ

मी आयुष्यभर टूलरूममध्ये काम केलं, आता निवृत्त आहे. घटिकांनी यंत्र छान सांगितलं, पण मला वाटतं वाचकांना ते *बनवणं* काय असतं हे कळायला हवं, म्हणून चार ओळी जास्त लिहितो.

खुंटी सोडल्यावर स्प्रिंग उलगडते म्हणाले ते. आता तिला मोकळं सोडलं तर सगळे टोले एका झटक्यात, किर्रर्र करून संपतील, मोजता येणार नाहीत. म्हणून स्प्रिंगच्या मागे बारीक चक्रांची एक माळ जोडलेली असते. तिचं काम फक्त वेळ खाणं. शेवटचं पिनियन (बारीक दातेरी चाक) भणाणत फिरतं आणि तेवढ्या ओढीनं टोले सावकाश पडतात. वेग कमीजास्त कसा करायचा? जुन्या इंग्लिश रिपीटरात शेवटच्या पिनियनचं एक टोक ज्या बुशमध्ये, म्हणजे बारीक नळीत, बसतं, त्या बुशचं भोक मुद्दाम मधोमध नसतं. बुश जरा फिरवला की पिनियन चक्राच्या दातांत किंचित खोल किंवा उथळ बसतं. तेवढ्यानं टोल्यांचा वेग बदलतो. एक बुश, एक फिरवण, बाकी काही नाही! आम्ही हेच आज करायचं म्हटलं तर डझनभर सुटे भाग लावू.

दात कापायला यंत्र होतं (चक्र कापायची यंत्रं सतराव्या शतकातच इंग्लंडमध्ये आली), पण शेवटचा आकार हाताने, कानशीनं. स्नेलच्या बाराही पायऱ्या हाताने घासून जुळवलेल्या. एखादी पायरी केसभर जास्त घासली तर दांडा एक दात जास्त मोजणार आणि तो तुकडा फेकून द्यावा लागणार. धातू परत चिकटवता येत नाही.

कानशी यायच्या लँकशरमधून. प्रेस्कॉट नावाचं गाव आहे लिव्हरपूलजवळ. तिथे घराच्या मागच्या बाजूला छोटी वर्कशॉपं, एका घरात फक्त पिनियन, दुसऱ्या घरात फक्त स्प्रिंगा, तिसऱ्यात कानशी. पिनियनसाठी ते पोलादाची तार साच्यातून अशी ओढायचे, की तारेलाच लांबभर दात यायचे. मग हवा तेवढा तुकडा कापायचा आणि घासून पुरा करायचा. घड्याळाचे कच्चे सांगाडे प्रेस्कॉटहून लंडनला जायचे आणि तिथे पुरे व्हायचे. जॉन वाइक नावाचा माणूस प्रेस्कॉटमधून, नंतर लिव्हरपूलमधून घड्याळजींची हत्यारं विकायचा. त्याचा चित्रांसहित कॅटलॉग आजही अभ्यासला जातो. त्यातल्या कित्येक हत्यारांचा आकार मी ओळखतो, कारण आमच्या टूलरूममध्येही तीच होती.

---

घटिका

पोलादपितळकाका, मनापासून धन्यवाद. प्रेस्कॉटबद्दल मी पुढच्या प्रतिसादात लिहिणार होतो, तुम्ही जास्त चांगलं लिहिलंत.

त्याला जोडून साखळीबद्दल. इंग्लिश घड्याळात मुख्य स्प्रिंगची ओढ सुरुवातीला जोरात आणि शेवटी मंद होऊ नये म्हणून फ्यूजी असतो, म्हणजे निमुळता, मळसूत्री खाचांचा शंकू. स्प्रिंगच्या डब्यावरून त्यावर एक साखळी गुंडाळलेली असते. सायकलच्या चेनची रचना, पण रुंदी घोड्याच्या केसाहून थोडीच जास्त. एका साखळीत शेकडो पोलादी पट्ट्या, प्रत्येक सांध्याला रिव्हेट. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर क्राइस्टचर्च हे या साखळ्यांचं मोठं केंद्र झालं. रॉबर्ट हार्वी कॉक्स यानं १७९० साली तिथे धंदा सुरू केला. हातानं पट्ट्या ठोकून जोडायचं काम बायका आणि लहान मुली करायच्या, काही निराधार गरिबांना ठेवायच्या 'वर्कहाउस'मधल्या. हे काम डोळ्यांना अत्यंत ताण देणारं. ते वर्कहाउस आज रेड हाउस म्युझियम आहे.

तसंच सोन्याचा मुलामा. मागची प्लेट, तिच्यावरचं कोरीव कॉक (बॅलन्स व्हीलवरचं, म्हणजे डुलून चाल राखणाऱ्या चाकावरचं जाळीदार झाकण), सगळ्यावर दिसणारा तो गडद पिवळा रंग पाऱ्यानं येतो. सोनं पाऱ्यात विरघळवून लेप द्यायचा आणि तापवून पारा उडवून द्यायचा. उडालेला पारा मुलामा देणाऱ्याच्या फुप्फुसात जायचा. अशा लोकांचे हात थरथरू लागत, दात पडत. दोन-अडीचशे वर्षांनंतरही ती प्लेट जशीच्या तशी झळकते ती यामुळे.

---

कोरीवकाम

मी चांदीकाम शिकले आहे, म्हणून केसबद्दल (घड्याळाच्या धातूच्या कवचाबद्दल) विचारते आणि थोडं सांगतेही. या घड्याळांना दोन केसेस असतात ना, आत एक आणि बाहेर एक?

---

घटिका

हो, पेअर केस. सांगा ना, तुमच्याकडूनच ऐकायचंय.

---

कोरीवकाम

आतल्या केसच्या तळाशी घंटा बसवलेली असते, वाटीसारखी, मधोमध एका स्क्रूनं धरलेली. घड्याळाचं यंत्र त्या वाटीत उतरतं आणि हातोड्या घंटेच्या आतल्या बाजूला आघात करतात. आवाज बाहेर पडायला हवा म्हणून आतली केस कडेनं जाळीची. बाहेरच्या केसलाही मग जाळी हवीच. म्हणजे जाळी केवळ शोभेची नाही, घड्याळाला ती आवाजासाठी लागते. वेली, पक्षी, मुखवटे, सगळं करवतीच्या बारीक पात्यानं कापलेलं, वर छिन्नीनं खोदकाम. धूळ त्यातून आत जाऊ नये म्हणून यंत्रावर वेगळं झाकण.

बाहेरच्या केसवर पुष्कळदा रेपूसे : पत्रा डांबरावर ठेवून मागून ठोकून उठाव काढायचा, पुढून तपशील भरायचे. जॉर्ज मायकेल मोझर हा त्यातला मोठा कारागीर. स्वित्झर्लंडमध्ये जन्मला, लंडनमध्ये नाव कमावलं, आणि रॉयल अकादमीचा पहिला 'कीपर' झाला. घड्याळाच्या केसवर काम करणारा हात कला अकादमीत शिकवतो, हे मला नेहमी बळ देतं.

आणि घंटेबद्दल : ते आपलं कांसंच आहे. तांब्यात पाचवा हिस्सा किंवा थोडं जास्त कथील. आपल्या वारीतल्या टाळांसारखाच धातू, तसाच खणखणीत आणि तितकाच ठिसूळ. घंटेला तडा गेला की डाग देऊन भागत नाही, आवाज परत येत नाही. नवी ओतावी लागते आणि जाडी कानानं जुळवावी लागते.

---

पोलादपितळ

छान. एक भर : कित्येक रिपीटरांत एक छोटी खुंटी किंवा कळ असते, ती बोटानं दाबून धरली की हातोडी घंटेवर न पडता त्या खुंटीवर पडते. आवाज नाही, पण ठोके बोटाला जाणवतात. सभेत, चर्चमध्ये, किंवा शेजारी कोणी झोपलं असताना. फ्रान्समध्ये तर ज्यूलियन ल रॉयनं घंटाच काढून टाकली आणि हातोडी केसवर पडेल अशी घड्याळं केली.

---

जिनिव्हाकर

घटिका, तुमच्या इंग्लंडप्रेमाबद्दल आदर आहे, पण खुली चर्चा म्हणून लिहितो. घंटेमुळे इंग्लिश रिपीटर जाडजूड झालं. पॅरिसच्या ब्रेगे या घड्याळजीनं १७८३ च्या सुमारास घंटेऐवजी वाकवलेली पोलादी तार वापरली, गाँग. तार यंत्राभोवती कडेकडेनं बसते. घड्याळ पातळ झालं, आवाज मंजुळ झाला, आणि आजचा प्रत्येक मिनिट रिपीटर त्याच वाटेनं चालतो. इंग्रज मात्र फ्यूजी आणि साखळीला चिकटून राहिले. कारखान्यात यंत्रांवर घड्याळं करायची कल्पना १८४० च्या दशकात लंडनमध्ये आली, तेव्हा धंद्यातल्याच लोकांनी ती पार्लमेंटात हाणून पाडली. नंतर स्विस आणि अमेरिकन घड्याळांनी बाजार नेला.

---

घटिका

बाजाराबद्दल तुमचं म्हणणं मान्य. गाँगबद्दलही.

पण जाडीबद्दल माझं मत वेगळं आहे. जॉन अर्नॉल्डनं १७६४ साली तिसऱ्या जॉर्ज राजाला अंगठीत बसवलेलं अर्ध्या पावाचं रिपीटर दिलं. बोटातल्या अंगठीत! रशियाच्या सम्राज्ञीनं तसंच एक मागितलं आणि दुप्पट रक्कम देऊ केली तेव्हा अर्नॉल्डनं नकार दिला, अशी कथा सांगतात; राजाचं घड्याळ एकमेव राहावं म्हणून. म्हणजे लहान करणं जमत नव्हतं असं नाही. इंग्लिश कारागिराला मोठी घंटा हवी होती, कारण त्याला उशीच्या खालून ऐकू येणारा आवाज हवा होता. आणि रत्नं! धुऱ्यांच्या टोकांखाली छिद्र पाडलेली माणकं बसवण्याची कला लंडनमध्ये १७०४ साली पेटंट झाली. फात्यो द डुइलिये हा स्विस गणिती आणि डेबोफ्र हे घड्याळजी भाऊ. पुढे बराच काळ ही विद्या इंग्लंडमध्येच राहिली. चांगल्या इंग्लिश घड्याळाच्या कॉकवर मधोमध चमकणारा हिरा असतो, तो बॅलन्सच्या धुरीचं टोक पेलतो.

कारखान्याला झालेल्या विरोधाकडे मी आडमुठेपणा म्हणून बघत नाही. लंडनच्या क्लार्कनवेल या घड्याळजींच्या वस्तीत एकेका गल्लीत तबकडीवाले, काटेवाले, स्प्रिंगवाले, मुलामावाले, खोदकामवाले होते. प्रत्येकाचं पोट एका बारीक कौशल्यावर. त्याआधी १७९७ साली पिट सरकारनं घड्याळांवर वार्षिक कर बसवला होता, सोन्याच्या घड्याळाला १० शिलिंग, इतरांना अडीच. लोकांनी घड्याळं घेणं थांबवलं, हजारो कारागीर रिकामे झाले आणि वर्षभरात कर मागे घ्यावा लागला. एवढ्याशा धक्क्यानं काय होतं हे त्यांनी भोगलेलं होतं.

---

लंडननिवासी

इथले मराठी मंडळी नेहमी विचारतात की लंडनमध्ये वेगळं काय बघायचं. ब्रिटिश म्युझियमची ३८ आणि ३९ क्रमांकाची दालनं बघा, प्रवेश फुकट. कोर्टनी इल्बर्ट यांचा प्रचंड संग्रह १९५८ मध्ये तिथे आला. ब्रेगेनं आपली पहिली टूरबियाँ यंत्रणा (बॅलन्स व्हीलसकट फिरत राहणारा पिंजरा) अर्नॉल्डच्या एका घड्याळात बसवून मित्राची आठवण म्हणून अर्नॉल्डच्या मुलाला भेट दिली, ते घड्याळही या संग्रहालयाकडे आहे. जिनिव्हाकर आणि घटिका, तुमच्या वादावर त्या दोघांचं उत्तर ते घड्याळ आहे! क्लॉकमेकर्स कंपनीचं स्वतःचं म्युझियम २०१५ पासून साउथ केन्सिंग्टनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे, तेही चुकवू नका. मुलांना घेऊन जा, फ्यूजीची साखळी भिंगातून बघताना ती जागची हलत नाहीत.

---

गोदाकाठ

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय. माझ्या पणजोबांचं एक सोन्याचं खिशातलं घड्याळ घरी आहे. कडेची पट्टी सरकवली की टोले पडतात. त्यावर 'लुंड अँड ब्लॉकली' असं नाव आहे. घरात काही जण म्हणताहेत की यंत्र जुनाट, सोन्याचा भाव चांगला आहे, केस वितळवून टाकू. इथे वाचून मला ते पटेनासं झालंय. हे खरंच इंग्लिश आहे का?

---

घटिका

गोदाकाठताई, कृपा करून वितळवू देऊ नका. ही घाई अगदी जगभर झाली आहे. आज बाजारात नुसती रिपीटरची यंत्रं सापडतात, केसशिवाय, कारण सोनं केव्हाच भट्टीत गेलं. केस गेली की आवाजही गेला. कोरीवकामताईंनी वर सांगितलंय तसं, केस ही या घड्याळाच्या आवाजाचा भाग आहे.

तुमच्या घड्याळावरचं नाव वाचून फार आनंद झाला. लुंड अँड ब्लॉकली ही लंडनच्या पॉल मॉलवरची कंपनी, मुंबईतही त्यांचं दुकान होतं. मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरचं घड्याळ त्यांचंच. टॉवर १८७८ साली पुरा झाला, प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून, आणि त्यांच्या आईचं नाव त्याला दिलं. राजाबाईंना दिसत नसे, सूर्यास्ताआधी जेवण्याचा नेम पाळायला त्यांना टोल्यांचा आधार होता, अशी आख्यायिका मुंबईत सांगतात.

आता 'खरंच इंग्लिश का' याबद्दल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या मोठ्या नावांच्या रिपीटरांचे कच्चे सांगाडे पुष्कळदा स्वित्झर्लंडच्या व्हाले द जू या खोऱ्यातून येत आणि लंडनमध्ये पुरे होत. लंडनचीच निकोल, निएल्सन ही कंपनी फ्रॉडशॅम, डेंट अशा दुकानांसाठी अत्यंत गुंतागुंतीची घड्याळं तयार करायची, वर नाव मात्र दुकानाचं. त्यामुळे तुमच्या घड्याळात स्विस हात असू शकतात. त्यानं ते कमी ठरत नाही.

---

जिनिव्हाकर

म्हणजे नाव एकाचं, काम दुसऱ्याचं. ही ग्राहकाची दिशाभूल नाही का?

---

घटिका

मला तसं वाटत नाही. टॉम्पियनच्या कारखान्यातून साडेपाच हजारांच्या आसपास खिशातली घड्याळं बाहेर पडली. एका माणसाच्या दोन हातांनी ते शक्यच नाही आणि तेव्हाच्या गिऱ्हाइकालाही ते ठाऊक होतं. नावाचा अर्थ होता जबाबदारी. यानं सगळ्यांचं काम तपासलं, जुळवलं, नाकारण्यासारखं ते नाकारलं, आणि बिघडलं तर दार ठोठवायचं ते याचं. १६९८ च्या कायद्यानं तर परदेशी पाठवायच्या घड्याळावर करणाऱ्याचं नाव आणि गाव घालणं सक्तीचं केलं. माझी तक्रार नावाबद्दल नाही, आपल्या वाचण्याबद्दल आहे. आपण नावापाशी थांबतो. स्टॉगडेनचं नाव माहीत असलेले लोक किती? क्राइस्टचर्चच्या एकाही मुलीचं नाव साखळीवर नाही.

खरी दिशाभूल वेगळीच होती. अठराव्या शतकात लंडनचं नाव घातलेली नकली घड्याळं युरोपात ढिगानं बनली. ओळखायची साधी खूण : इंग्लिश कॉकला एकच पाय, एकाच बाजूला स्क्रू. नकली घड्याळात पुष्कळदा दोन पायांचा पूल असतो, आणि तबकडीवर मिनिटांची पट्टी कमानीकमानींची.

---

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. सगळे प्रतिसाद घरी वाचून दाखवले, वितळवायचा विषय बंद झालाय. केसच्या आत चार छोटे शिक्के दिसतात. आणि टोले ऐकताना काय काळजी घ्यायची?

---

पोलादपितळ

शिक्क्यांचा भिंगातून फोटो घ्या. बिबट्याचं तोंड म्हणजे लंडनची तपासणी, मुकुट आणि १८ म्हणजे १८ कॅरेट (ते इंग्लंडमध्ये १७९८ पासून चालू झालं, त्याआधी २२ च), एक अक्षर म्हणजे वर्ष, आणि आद्याक्षरं म्हणजे केस करणाऱ्याची. म्हणजे निदान एका कारागिरापर्यंत तुम्ही पोचू शकता.

पट्टी सरकवायची तर पूर्ण, शेवटपर्यंत, एका दमात, आणि मग सोडून द्यायची. टोले पडत असताना काटे अजिबात फिरवायचे नाहीत. बरीच वर्षं बंद असेल तर आधी साफ करून तेल घालून घ्या. सुकलेल्या तेलावर चालवलं की धुऱ्या झिजतात. आणि ज्याच्याकडे द्याल त्यानं रिपीटर आधी उघडलेलं आहे का ते विचारून घ्या, नुसतं घड्याळ दुरुस्त करता येणं पुरेसं नाही.

---

लंडननिवासी

एक कायद्याची गोष्ट. घड्याळ शंभर वर्षांहून जुनं असेल, तर १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार ते भारताबाहेर नेता येत नाही. दुरुस्तीसाठी इकडे पाठवायचा विचार असेल तर तसं परस्पर करू नका, आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा.

---

कोरीवकाम

गोदाकाठ, आणखी एक करा. मागची केस उघडल्यावर एखादा गोल कागद निघाला तर टाकू नका. घड्याळ दुरुस्त करणारे आपल्या नावाचा कागद आत घालून द्यायचे, कधी मागे तारीख आणि केलेलं काम लिहायचे. जुन्या पेअर केसमध्ये असे तीन-तीन कागद एकावर एक सापडतात. तुमच्यात निघाला तर दोन्ही बाजूंचा फोटो इथे टाका, मुंबईतल्या कोणत्या दुकानात ते उघडलं होतं ते वाचायला मला फार आवडेल.